अकरा पावलं

माय, काल संध्याकाळी तुझा नातू चालला. चार पावलं. मी मोजली, म्हणून आकडा बरोबर आहे असं समज. तुला जाऊन चोवीस वर्षं झाली आणि तुझ्या एकटीच्या नावानं मी कधी पत्र लिहिलेलं नाही. नागपूरला शिकत होते तेव्हा लिहायची ती बाबांच्या नावानं, आणि ती गावातले गुरुजी तुम्हाला वाचून दाखवायचे. त्यामुळे गुरुजींनी वाचू नये असं त्यांत काहीच नसायचं. हे पत्र वाचून दाखवायला कोणी नाही, म्हणून लिहिता येतं आहे.

मी आता चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला असते. वीज केंद्राच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसून दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रांवर क्रमांक टाकते. दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, एकटीला पुरून उरतं. आपला लहाना आरमोरीला घड्याळं दुरुस्त करतो, हे तू असतानाच ठरल्यासारखं होतं. बारीक कामात त्याचा हात तेव्हापासून बसलेला. लग्नाला तेरा वर्षं झाल्यावर त्याला मुलगा झाला. आठ दिवसांसाठी बायको-मुलाला घेऊन तो माझ्याकडे आला आहे. घरात बाळाची झबली वाळत घातलेली पाहून मला पहिले दोन दिवस आपण चुकीच्या दारात शिरलो असं वाटायचं.

इथे संध्याकाळी कंपनीच्या बसेस माणसं उतरवून गेल्या की क्वार्टरांमधल्या मैदानात आई-बाप मुलांना घेऊन बसतात. मी सहसा त्यांच्यात जात नाही. तिथे माझ्याकडे सांगायला काही नसतं, आणि नुसतं ऐकणारं माणूस फार वेळ बसलं की लोकांना अवघडल्यासारखं होतं. काल लहान्याबरोबर गेले. एक जण म्हणाली, "आमची नवव्या महिन्यात चालली, डॉक्टरसुद्धा बघत राहिले." दुसऱ्या बाईचा नवरा म्हणाला, "आमचा चालायला आळशी आहे, पण बोलतो किती! कंपनीची बस वळली की आधी हाच ओरडतो, बस, बस." एकीनं तर वहीच ठेवली आहे. पहिला दात, पहिला शब्द, पहिलं पाऊल, सगळं तारखेनिशी. मग लहान्याला कोणीतरी विचारलं, "तुमचा चालतो का?" तो म्हणाला, "कुठं जी, गोट्यावानी बसला राहते नुसता." त्या वहीवाल्या मुलीचा चेहरा उतरला. ती काळजीनं म्हणाली, "तेरा महिन्यांचा ना? एकदा दाखवून घ्या हं." आणि मी, माय, चाळीस वर्षांनी तुझं वाक्य तुझ्याच आवाजात ऐकल्यासारखी बसून राहिले. तिथे ते वाक्य समजणारी मी एकटी होते.

आपल्याकडे मोह वेचायच्या दिवसांत सकाळी बाया लेकरं काखेत मारून रानात जायच्या. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि चंद्रपूरला चांदा म्हणत. मी सात वर्षांची होते. झाडाखालचा पाचोळा जाळून साफ केलेल्या काळ्या जमिनीवर फुलं पडलेली असत, आणि त्याच काळ्या जमिनीच्या कडेला फडक्यावर लेकरं बसवलेली. बाया वाकून वेचत आणि मान वर न करता या झाडाखालून त्या झाडाखाली बोलत. "काय व, तुहा चालते का?" "कुठं चालते बाई, लंगडाच होते का, काय मालूम." "माही तं मुकी निघाली. माय म्हण म्हटलं तं नुसती पाहाते." "माह्या पोट्ट्याले तं दातच नाई, बुढ्यावानी दिसते." आणि प्रत्येक वाक्यामागून हसू. कारण सगळ्यांना ठाऊक असायचं की जी बाई सगळ्यात जास्त रडगाणं गाते तिचंच लेकरू सगळ्यात पुढे गेलेलं आहे. बोलायची तीच रीत होती. चाललं म्हणायचं नाही, बोललं म्हणायचं नाही. वाईट बोलून चांगलं सांगायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं आणि नजरेला कळत नाही. मला ती रीत कळत नव्हती. माझ्या कानाला ते सगळं खोटं वाटायचं. आणि तू तर त्या सगळ्यांत पक्की होतीस, कारण माझ्या आधीची तुझी दोन लेकरं गेली होती आणि ती दोन्ही म्हणे लवकर चालली होती.

लहाना दहा महिन्यांचा असताना चालला. दुपार होती, तू अंगणात मोह वाळत घातला होतास. तो मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्यानं खांब सोडला. तू दाराशी होतीस, हातात सूप. मी मोजायला लागले, कारण मला मोजणं नुकतंच येत होतं आणि दिसेल ते मी मोजायची. तो मोहाच्या वाळवणातून सरळ चालत आला, तळव्यांना फुलं चिकटली, आणि अकराव्या पावलाला तुझ्या लुगड्याला येऊन बिलगला. तू सूप खाली ठेवलंस. पदर तोंडाला लावून तू हसलीस, आवाज न करता, खांदे हलवून. तुला तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग तू त्याचे तळवे पुसलेस आणि मला जवळ घेतलंस. त्या वेळी तू मला "कोणाले सांगू नको" असं म्हणालीस का? हे मी स्वतःला किती वेळा विचारलं आहे, त्याला मोजमाप नाही. कधी मला तुझे शब्द स्पष्ट ऐकू येतात. कधी वाटतं, ते मी नंतर तुझ्या तोंडी घातले, म्हणजे माझा अपराध तरी पुरता सिद्ध व्हावा. कॉलेजात असल्यापासून मी डायरी लिहिते आणि जे नक्की आठवत नाही त्यापुढे छोटं प्रश्नचिन्ह करते. त्या दुपारपुढे प्रश्नचिन्ह आहे.

दुसऱ्या दिवशी रानात, पलीकडच्या झाडाखालच्या काकीनं हाक मारली, "काय व, लहाना चालते का नाई?" तू वाकलेलीच होतीस. म्हणालीस, "कुठं व, गोट्यावानी बसला राहते." आणि मी, टोपली हातात घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खोटं! काल चालला तो. खांबापासून मायपावतर. अकरा पावलं. मी मोजले." वेचणारे हात थांबले. मग काकी हसली, "पाह्य न व, पोट्टीनं पूरा हिसाब देऊन टाकला!" सगळ्या हसल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही, तिनं लहान्याच्या बाजूला तीनदा थू थू केलं आणि मला म्हणाली, "तोंड आवरत जाय वं." तू येताना वाटेवर माझा दंड धरलास आणि घरापर्यंत सोडला नाहीस. चार बोटांच्या खुणा संध्याकाळपर्यंत होत्या.

पंधरा दिवसांनी त्याला ताप आला. तीन दिवस राहिला, चौथ्या दिवशी उतरला. तू त्याला उभं करायला गेलीस तर डावा पाय ओल्या फडक्यासारखा लोंबला. तू पुन्हा उभं केलंस. पुन्हा. मी खांबाला टेकून बघत होते आणि मनात एक, एक, एक म्हणत होते, की एक झालं तर पुढचे दहा होतील.

मग बोडीवरचा, गावतळ्यावरचा तो दिवस. तू आठ-दहा दिवसांनी पहिल्यांदाच धुणं घेऊन गेली होतीस, तो तुझ्या काखेत, मी मागे. काकीनं विचारलं, "कुठी होती व इतके दिस? लहाना काय म्हणते?" तू म्हणालीस, "चालत नाई व." आणि बाया हसल्या, माय. जोरात हसल्या. "हो हो! आता तं गावभर धावून राह्यला असन!" "लपव, लपव! आमी काय खाऊन टाकून राह्यलो का त्याले?" तू पुन्हा म्हणालीस, "नाई चालत." त्या आणखी हसल्या. ज्या रीतीनं तुम्ही इतकी वर्षं लेकरं राखली होती, त्या रीतीत खरं वाईट सांगायला शब्दच शिल्लक नव्हते. शेवटी तू त्याला धुण्याच्या दगडाशी उभा धरलास आणि हात थोडे सैल केलेस. तो पाय सगळ्यांनी पाहिला. हसणं एकेकीच्या तोंडावरून उतरत गेलं. कोणाच्या तरी हातातलं लुगडं पाण्यात तरंगत गेलं आणि ते धरायला कोणी हललं नाही. आणि मग त्यांच्या नजरा त्याच्यावरून उठून माझ्यावर आल्या. मी सात वर्षांची होते, तरी त्या नजरांचा अर्थ मला लगेच कळला. ती म्हातारी म्हणाली, "या पोट्टीनंच म्हटलं होतं ना त्या दिशी…" तिचं वाक्य तू पुरं होऊ दिलं नाहीस. "पोट्टी खोटी बोलली होती," तू म्हणालीस. "तो कधी चाललाच नाई. एक पाऊल नाई. खोटं बोलाची खोडच आहे तिले." इतक्या मोठ्यानं तू गावात कधी बोलली नव्हतीस.

त्या दिवसापासून मी गावात खोटी झाले. पोरं चिडवायची, "ओ अकरा पावलं!" मला वाटलं, तू मला शिक्षा दिलीस. मारलं असतंस तर मी समजले असते. माझ्याजवळ खरं एवढी एकच गोष्ट होती आणि ती तू सगळ्यांसमोर काढून घेतलीस, असं मला वाटायचं, आणि तुझ्याशेजारी निजूनही मी तुझ्याकडे पाठ करायची.

त्यानंतर आपण त्याला चांद्याला नेलं. गडचिरोलीपर्यंत बैलबंडी, वैनगंगा डोंग्यानं, पुढे मोटार. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मला बसायला स्टूल दिलं. पाय वाकवून, टोचून पाहिला आणि विचारलं, "तापाच्या आधी मूल चालत होतं का?" माझे डोळे तुझ्यावर. तिथे गावचं कोणी नव्हतं. नजर लावणारं कोणी नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि डॉक्टरला म्हणालीस, "नाई साहेब. कधीच नाई." तो लिहून घेत होता. पुढे मला ही भीतीही वाटत आली आहे, की त्या खोट्या उत्तरानं त्याच्या इलाजात काही उणं राहिलं का. मी इथल्या एका डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, तेव्हा तसाही काही इलाज नव्हता. मी ते लिहून ठेवलं आहे, पण विचारताना मी कारण सांगितलं नव्हतं, म्हणून त्या उत्तरावरही माझा पुरता भरवसा नाही.

परतताना डोंग्यात मी म्हणाले, "माय, तो चालला होता." तू नदीकडे पाहून म्हणालीस, "सपन पाह्यलं तू." "मी मोजले होते." मग तू विचारलंस, "किती?" "अकरा." पलीकडचा काठ लागला. उतरताना म्हणालीस, "अकराच्या पुढचं येते का मोजता?" मी म्हटलं, नाही. "मंग शाळेत जाय आता. पुढचं शिक." आणि खरोखर त्या पावसाळ्यानंतर तू मला आरमोरीला मावशीकडे ठेवलंस. मी ते घराबाहेर घालवणं समजले. आपल्या गावातली शिकायला बाहेर गेलेली पहिली मुलगी मी, याचं लोकांना कौतुक. मी मात्र तिथल्या पडवीत बसून पाढे म्हणायची आणि अकरावर आले की थांबायची.

त्या "किती?"चा अर्थ मला कळायला फार वर्षं लागली. जो चाललाच नाही, त्याची पावलं किती, हे कोणी कशाला विचारील? तू सूप खाली ठेवून हसत होतीस, तुझी मोजायची राहून गेली होती. तुला ती हवी होती. आणि खोटी म्हटल्याचा अर्थ मला तू गेल्यावर कळला. दहाव्याला त्याच बाया आल्या होत्या. काकी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "किती चिडवलं व तुले आमी, खोटी म्हणून. लेकराचं बोलणं ते." बस्स, एवढंच. खोटी हे नाव वर्षा-दोन वर्षांत विरून गेलं होतं. पण त्या दिवशी बोडीवर म्हातारीचं वाक्य पुरं झालं असतं, तर मी काळ्या जिभेची ठरले असते. मग माझ्यासमोर कोणी लेकरू आणलं नसतं, माझ्याशी कोणी बोललं नसतं, आणि लहानाही मोठा होऊन माझ्याकडे त्याच नजरेनं बघत राहिला असता. तुझ्यासमोर दोनच नावं होती आणि एका श्वासात तू हलकं ते निवडलंस. चांद्याच्या डॉक्टरसमोरही तेच, कारण ऐकणारी मी तिथे होते. तो कधी चाललाच नाही म्हटलं की माझ्या बोलण्यानं काही गेलं नाही. माझ्यासाठी तू तुझ्या मुलाची अकरा पावलं पुसून टाकलीस, आणि मी तुझ्याकडे पाठ करून निजत राहिले. नागपूरच्या वाचनालयात मी त्या रोगाबद्दल सगळं वाचून काढलं होतं. बोलण्यानं तो होत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. डायरीत एका पानावर मी ते तीनदा लिहिलेलं आहे. एकदा लिहून भागलं असतं तर तीनदा कशाला लिहिलं असतं?

काल त्या मैदानात, ती मुलगी "दाखवून घ्या" म्हणत असतानाच, बाळानं सिमेंटच्या ओट्याची कड सोडली. एक, दोन, तीन, चार, आणि बापाच्या चांगल्या पायावर जाऊन आपटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "अहो, हा तर चालतो की!" लहाना हसला, पण टाळी वाजवली नाही. बाळाच्या तळव्यांकडे बघत राहिला.

दिवेलागणीला आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो. आत त्याची बायको बाळाला भरवत होती. तो म्हणाला, "बाई, एक विचारू? हसशील तू." "विचार." डाव्या गुडघ्यावर हात ठेवून चालायची त्याची सवय तुला माहीत आहे, बसलेला असतानाही हात तिथेच असतो. "त्या तापाच्या आधी मी टाकलं होतं का व एखादं पाऊल? माय तं नाई म्हणे. पण तू होती ना तिथं. तू तं सगळं मोजते."

चाळीस वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो असा पायरीवर येऊन बसला. त्याला सांगण्यासारखी अकरा पावलं माझ्याजवळ होती. जगात ती आता माझ्याशिवाय कोणाजवळ नाहीत. तळव्यांना चिकटलेली फुलं होती, तुझं हसणं होतं. मी म्हणाले, "नाही रे. बसलेला असायचास नुसता."

"गोट्यावानी," तो म्हणाला.

"हो."

तो हसला. मग म्हणाला, "बरंच झालं म्हण ना. चाललो असतो अन् मंग पाय गेला असता, तं मायले लई लागलं असतं." आणि उठून, गुडघा दाबत, बाळाला बघायला आत गेला.

त्याचं समाधान झालं, हे खरं. पण मी ते त्याच्या समाधानासाठी म्हणाले नाही, माय. त्याचं समाधान कशात आहे हे मला त्याच्या बोलण्यानंतर कळलं. मी म्हणाले ते पुढच्या प्रश्नाच्या भीतीनं. चाललो होतो तर मग काय झालं, असं त्यानं विचारलं असतं, आणि मला मोहाच्या झाडाखालची ती सकाळ सांगावी लागली असती. तू खोटं बोललीस ते माझ्यासाठी. मीही बोलले ते माझ्याचसाठी.

परवा ते आरमोरीला जातील. झबली दोरीवरून निघतील आणि मी पुन्हा आवक-जावकला जाईन. या पत्राला जावक क्रमांक नाही. कालच्या तारखेला डायरीत मी एकच ओळ लिहिली आहे: बाळ चालला, चार पावलं. माझ्यामागे या डायऱ्या लहान्याच्याच हातात जाणार, दुसरं आहे कोण? म्हणून हे पत्र डायरीच्या त्या पानात ठेवणं बरं नाही, हे मला कळतं. मघाशी फाडायलाही घेतलं होतं.

त्याच पानात ठेवलं आहे.